चावीचा मान

वरचीवाडी, ता. पोलादपूर

तीर्थरूप दत्तारामकाका,

मानकऱ्याला त्याचं काम झालं का, हे त्याला न विचारता कसं विचारायचं? मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून सदूआबांनी देवळात माझा सत्कारही केला, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. आणि तुमचा फोटो अजून डोंबिवलीला का पोचला नाही, याचं कारणही नेमकं तेच आहे. तुम्हाला आणि काकूंना माझा नमस्कार. काकूंच्या गुडघ्याला तेलाने उतार पडला का ते कळवावे. इकडे आजीचा खोकला गेला, म्हैस व्यायली, रेडी झाली, आणि बाबाही बरे आहेत (हे तुम्ही विचारलं नसतंत हे मला माहीत आहे, पण कुशल लिहायला बसल्यावर अर्ध्याच घराचं लिहिता येत नाही). हे सगळं फोनवर सांगणार होते, पण तुम्ही घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला आहात आणि फोन केला की "फोटो निघाला का?" एवढंच विचारून ठेवून देता. म्हणून पत्र. काही गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, तरी क्रम चुकू नये म्हणून पहिल्यापासून लिहिते.

पावसाळ्यानंतर माळा झाडताना आजोबांचा कॅमेरा सापडला, तिथून हे सुरू झालं. मुंबईत ज्या पारशी कुटुंबाकडे ते स्वयंपाकी होते, त्यांनी परदेशी जाताना दिलेला. बटण दाबलं की पुढचं झाकण आडवं होतं, भिंग रुळावरून पुढे येतं आणि त्याच्या मागे काळ्या चामड्याच्या घड्या उलगडतात, लोहाराच्या भात्यासारख्या. वाडीने त्याचं नाव भात्याचा कॅमेरा ठेवलं आणि मीही तेच वापरते. मी याबद्दल पुष्कळ वाचलं. आधी कॅमेरा म्हणजे मोठी पेटी, काचेच्या तावदानांवर फोटो आणि सामान वाहायला हमाल. सामान्य माणूस आयुष्यात एकदा स्टुडिओत जायचा आणि रंगवलेल्या पडद्यापुढे कोणाच्या तरी उसन्या कोटात उभा राहायचा. मग गुंडाळीची फिल्म निघाली, कॅमेरा घडी होऊन कोटाच्या खिशात बसू लागला, आणि कारकून, मास्तर, स्टेशनमास्तर असली साधी माणसं आपल्या बायकामुलांचे फोटो आपल्या अंगणात काढू लागली. काका, मला ही फार मोठी गोष्ट वाटते. ज्याला कोणी स्टुडिओत बोलावलं नसतं, त्याचा चेहरा पहिल्यांदा त्याच्याच माणसाने टिपला. हे मी बाबांना रात्री जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "भात वाढ."

आजीने मात्र कॅमेरा मांडीवर घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्याच्यात ते हायेत का गो?" ते म्हणजे आजोबा. आजोबांचा एकही फोटो नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी वाडीतल्या सगळ्यांचे काढले, पण कॅमेरा त्यांच्याच हातात, मग त्यांचा काढणार कोण? मतदानाचं ओळखपत्र येण्याआधीच ते गेले, त्यामुळे सरकारकडेही ते नाहीत. त्यांनी काढलेल्यांपैकी वाळवीतून वाचलेला एकच फोटो आहे, तो आपल्या ढवळ्या बैलाचा. त्यात खाली गवतावर काढणाऱ्याची सावली पडली आहे. आजी आल्यागेल्याला तो फोटो दाखवते, आणि बैलावर हात ठेवून झाकते. तर कॅमेऱ्यात खरंच एक जुनी गुंडाळी निघाली. मी ती घेऊन महाडला गेले. चवदार तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत चंदूशेठचा स्टुडिओ आहे. आता ते पासपोर्ट फोटो काढतात आणि कपांवर वाढदिवस छापतात, पण फिल्म म्हटल्यावर त्यांनी डार्करूममधली लग्नाच्या अल्बमची खोकी बाहेर काढली, मुंबईहून रसायनं मागवली आणि फिल्म धुतली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी निघाली. आजीने ती काळी पट्टी उजेडात धरून पुष्कळ वेळ शोधलं. मग घडी करून कनवटीला लावली.

त्या दिवशी मी ठरवलं की निदान यापुढे तरी आपल्या वाडीत असं कोणाचं होऊ नये. फोनमध्ये प्रत्येकाचे हजार फोटो आहेत, पण फोन शेणात पडला की हजारही गेले. प्रत्येक घराचा एक खरा, कागदावरचा, भिंतीवर लावण्यासारखा फोटो असलाच पाहिजे. मी 'वरचीवाडी हौशी छायाचित्रण मंडळ' स्थापन केलं. (सभासद सध्या मी.)

पहिली अडचण भात्याची. चामड्याला घड्यांवर बारीक भोकं पडली होती. त्यातून उजेड आत शिरतो आणि फिल्म जाते. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे गेले, कारण चामडं आणि रबर चिकटवणारं सोल्यूशन दुसऱ्या कोणाकडे असणार? त्याने कॅमेरा हातात घेतला, कौतुकाने फुंकर मारली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायला थेट पाण्याच्या टबाकडे निघाला. मी त्याच्या हाताला अक्षरशः लोंबकळले. मग अंधाऱ्या कोपऱ्यात भात्याच्या आत टॉर्च लावून त्याला भोकं दाखवली. आतून तारे चमकावेत तशी ती दिसली. तो म्हणाला, "ताई, ह्या तं उलटा पंक्चर हाय. हवा भायेर जात नाय, उजेड आत येतोय." मी तीन वर्षं प्रकाशाचा अभ्यास केला, पण इतकी चांगली व्याख्या मला कोणी सांगितली नव्हती. त्याने ठिगळं छान लावली. फक्त भाता उघडताना आता सायकलच्या ट्यूबचा वास येतो.

दुसरी अडचण अशी की फिल्मवर फोटो बसतात आठ आणि आपल्या वाडीत घरं नऊ. (आपलं घर एकच, पण मधे कूड घातल्यापासून ते दोन धरतात.) मी साधेपणाने सदूआबांना म्हटलं की एका घराचा नंतर काढू. सदूआबा गावकीचे प्रमुख. ते म्हणाले की कोणाचा नंतर आणि कोणाचा आधी हे तू ठरवणार नाहीस, बैठक ठरवेल. बैठक बसली. पहिला फोटो तुमचा, कारण थोरलं घर. शेवटी राहिलं तुळजाबाईंचं घर, ते सगळ्यात टोकाला म्हणून. तुळजाबाई उठून म्हणाल्या, "पालखी पन माझ्याकडं शेवटाला येती, नि तवर गुळखोबरा संपल्याला असतो. आता फोटू पन संपला." कोणी हसलं नाही, पण ठराव झाला. प्रत्येक घरातून कर्ता पुरुष आणि सगळ्यात वडील माणूस, एवढ्यांनीच उभं राहायचं असंही ठरलं. मी बायकांचा मुद्दा मांडला. ठकूबाई बाईच आहे ना, असं उत्तर आलं. ठकूबाई म्हणजे आपली आजी, आणि ती बाई आहे हे खरंच असल्यामुळे मी खाली बसले.

मला वाटलं संपलं. पण आपल्याकडे कुठलंही काम हे नुसतं काम नसतं. झाकण उघडायचा मान एका घराचा, अंतर मोजायची दोरी धरायचा मान दुसऱ्या घराचा, आणि एक फोटो झाल्यावर फिल्म पुढच्या नंबरावर न्यायला जी चावी फिरवायची, तिचा मान कोणाचा यावर चहा दोनदा झाला. शेवटी सदूआबांनी मोठ्या शहाणपणाने चावीचा मान तुम्हा दोघा भावांना आळीपाळीने दिला. आधी थोरला, मग धाकटा. नारळावरून जे झालं ते निदान चावीवरून मिटेल, असा त्यांचा हेतू. (त्या शिमग्याला तुम्ही माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, पालखी अंगणात येऊन थांबली आणि बाबांनी नारळ फोडला. तुमचं म्हणणं, पालखी थांबायला हवी होती. बाबांचं म्हणणं, तुम्ही आदल्या दिवशी निघायला हवं होतं. मला दोन्ही बरोबर वाटतात, म्हणून मला कोणी विचारत नाही.) मी म्हटलं, मग मागच्या लाल खिडकीतून नंबर मी बघत जाईन. तर सदूआबा म्हणाले, "चावीवाल्याचा तो बगंल. तू मानकऱ्याला इचारू नकोस गो. इचारलंस म्हंजे त्येच्यावर इश्वास नाय असा झाला."

आता तो दिवस. तुम्ही आलात, आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मी फिल्म भरली आणि एक नंबर येईपर्यंत चावी तुम्ही फिरवलीत, नारळ, हळदकुंकू सगळं करून. कॅमेरा चंदूशेठच्या तिवईवर होता. दोरीने अंतर मोजून मी अंगणात रांगोळीचा एक ठिपका काढला, तुम्ही त्यावर उभे राहिलात, आजी शेजारी लाल खुर्चीत बसली, आणि तुमचा फोटो झाला. लगेच तुम्ही चपला घातल्यात आणि चहाही न घेता खाली गाडीकडे गेलात, कारण बाबांचा फोटो तुम्हाला बघायचा नव्हता. म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. बाबा गोठ्यामागे उभे होते, कारण तुमचा फोटो त्यांना बघायचा नव्हता. तुमची गाडी वळल्याचा आवाज आल्यावर ते पुढे आले आणि त्याच ठिपक्यावर उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, आजीच्या डाव्या बाजूला उभे राहा, तिकडे नवीन ठिपका काढते. ते म्हणाले, मी काय पाहुणा आहे डावीकडे उभा राहायला? आजी खुर्चीतून उठलीच नव्हती. उठून परत बसायचंच असेल तर उठायचं कशाला, असं तिचं म्हणणं. मी बाबांचा फोटो काढला. मग तिवई उचलून पुढच्या घरी गेलो, तिथून पुढच्या, आणि आता तुम्ही नव्हता म्हणून प्रत्येक वेळी चावी बाबांनी फिरवली, खिडकीत डोकावून, जोरात नंबर सांगून. (ते झालेले फोटो मोजतायत असं मला वाटलं.)

सदूआबांच्या घराचा आठवा फोटो झाला, बाबांनी चावी फिरवली आणि ओरडले, "आठ!" म्हणजे आठ फोटो झाले आणि आठव्याची जागा मोकळी. वाडीत एकदम आनंद झाला. देवीने तुळजाबाईंना फोटो दिला, असं सगळे म्हणू लागले. तुळजाबाई धावत जाऊन नवीन लुगडं नेसून आल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून एवढ्या हसल्या की तो फोटो सगळ्यात चांगला आला आहे. त्या आनंदात घाबरलेली मी एकटीच होते, कारण मला बेरीज येते.

तुमच्या आणि बाबांच्या फोटोच्या मधे चावी कोणीच का फिरवली नाही, याच्या दोन्ही बाजू मी नंतर समजून घेतल्या. तुमची बाजू मी अंदाजाने लिहिते, चुकली तर कळवा. तुम्ही सकाळी चावी फिरवून एक नंबर आणलात, तो तुमचा मान झाला. दुसरी पाळी बाबांची. बाबांचं म्हणणं असं की सकाळचा तो मुहूर्त होता, मुहूर्त पाळीत धरत नाहीत. त्यामुळे तुमच्या फोटोनंतरची पहिली पाळी तुमची, आणि तुम्ही ती करूनच गेला असणार. आणि समजा केली नसेल, तरी "त्याचा उष्टा ताट मी कशाला उचलू?" मी विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं. पण विचारायचं नव्हतं.

फिल्म धुतल्यावर चंदूशेठनी ती दिव्यासमोर धरली, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "काकांचं नि बाबांचं मिटलं वाटतं. एकाच शर्टात उभे आहेत." काका, फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आजी दोन्ही वेळा हलली नाही, म्हणून ती एकदम ठसठशीत आली आहे, तिच्या बांगड्या मोजता येतात. तिच्या उजव्या हाताला तुम्ही आणि बाबा एकाच ठिपक्यावर आहात, दोघेही अर्धे अर्धे, दोघांतून मागचा कूड थोडा दिसतो. डोक्यावर बाबांची टोपी आहे आणि ओठांवर तुमची मिशी. डोळे कोणाचे ते मला ठरवता आलं नाही. चंदूशेठ म्हणाले, संगणकावर घालून एकाला पुसून टाकतो, हवा तो ठेव. मी नको म्हटलं. कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच फोटोत असलं पाहिजे, नाहीतर आपल्यात आणि उसना कोट देणाऱ्या स्टुडिओत फरक काय राहिला? हे मी त्यांच्याच स्टुडिओत म्हटलं, ते नंतर लक्षात आलं.

बाबांनी फोटो बघितला आणि जाळून टाक म्हणाले. तुम्ही बघितलात तर तुम्हीही तेच म्हणाल. निदान त्या बाबतीत तुमचं एकमत होईल. तेव्हा तुमच्या फोटोला उशीर का झाला हे आता स्पष्ट झालं असेल. तुम्ही शिमग्याला आलात की नवीन फिल्म घालून तुमचा आणि आजीचा वेगळा फोटो मी काढून देईन, चावी मी स्वतः फिरवीन. तब्येतीला जपा, काकूंना जिने चढू देऊ नका.

तुमची पुतणी,
राजनंदिनी

ता. क. वर मी लिहिलं आहे त्यावरून घरात फोटो फक्त बाबांनी बघितला असं वाटेल. तसं नाही. बाबा काडेपेटी शोधत होते तेवढ्यात आजीने तो माझ्या हातातून घेतला. खिडकीपाशी नेला. आधी मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हता, ते त्या पेटीतच व्हते." बाबा म्हणाले, "आये, तो मी हाय. नि दत्तू हाय." आजीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तू गप. टोपी त्यांचीच हाय, मिशी पन त्यांचीच. नि असा खांदा पाडून ते एकटेच उभे ऱ्हायाचे." मी फोटो परत बघितला. मी आजोबांना कधी पाहिलं नाही, त्यामुळे माझ्या मताला किंमत नाही. पण बाबांनी पाहिलं आहे, आणि बाबा काडेपेटी ठेवून बाहेर जाऊन बसले.

ता. क. दुसरा. आजीला फोटोला हार घालायचा होता. दोन जिवंत माणसांना हार कसा घालणार? तेव्हा बरीच समजूत घालून हार नको, लांबून उदबत्ती, यावर आलो. उदबत्ती लावायचं काम बाबांकडे आलं आहे. पहिल्या दिवशी म्हणाले, मी माझ्याच फोटोला कशी ओवाळू? मग लावली. आता रोज लावतात. आणि आजीच्या मनात शंका येऊ नये म्हणून त्यांनी टोपी घालायची सोडली आहे. शेतातही बोडक्याने जातात. वाडीतले विचारतात, तर ऊन लागत नाही म्हणतात. आजी एकच म्हणते आहे, दत्तूला बोलाव, त्याला बापाचा फोटो दाखवायचा आहे.

म्हणून काका, हे सगळं पत्र मी खरं तर एका विनंतीसाठी लिहिलं आहे. शिमग्याला याच, माणगावच्या हिशेबाने एक दिवस आधी निघा, आणि येताना मिशी काढून या. आपल्याकडे मिशी एकाच कारणासाठी काढतात हे मला माहीत आहे. कारण तेच आहे असं समजा. आणि फोटोसमोर उभे राहिल्यावर "हा मी आहे" असं म्हणू नका. बाबाही म्हणणार नाहीत, त्यांनी कबूल केलं आहे.

ता. क. शेवटचा. तुमचा वेगळा फोटो काढून देईन असं वर लिहिलं आहे, तो मी काढणार नाही. बाबांचाही नाही. काल महाडला जाऊन फोटो मोठा करून घेतला आणि फ्रेमला दिला. खाली नाव काय घालायचं, असं चंदूशेठनी विचारलं. कॅमेऱ्यासमोर नव्हता त्याचं नाव फोटोखाली घालायचं नाही, हे तत्त्व त्यांना मीच सांगितलं होतं, आणि ते ऐकायची वाट बघत उभे होते. मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि 'कै.' लावून आजोबांचं पूर्ण नाव माझ्या अक्षरात लिहिलं. त्यावर काच बसली आहे आणि मागची फळी खिळे मारून बंद केली आहे.